उझबेकिस्तानात सरकी निम्म्यावर आली. तेल बाहेरचं, ढेप महाग, आणि शेतकरी एकाच गिऱ्हाईकाच्या दारात

कापसाच्या भावाची चर्चा निघाली की रुई, गाठी, अमेरिकेचा बाजार, चीनची मागणी एवढंच कानावर येतं. सरकीचं नाव सगळ्यात शेवटी निघतं. खरं तर जिनिंगमध्ये एक क्विंटल कापूस टाकला तर रुई निघते तेहतीस-चौतीस किलो आणि सरकी निघते साठ किलोच्या वर-खाली. वजनात मोठा वाटा सरकीचाच. ढेप तेजीत आली की कापसाच्या भावालाही टेकू मिळतो, हे अकोला-यवतमाळकडच्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही.

पण एक देश असा आहे, जिथं सरकी हा जोडधंदा कधीच नव्हता. घरातलं फोडणीचं तेल सरकीचं, गोठ्यातली ढेप सरकीची, कपडे धुवायचा साबणही सरकीच्या तेलातून उरलेल्या गाळाचा. तो देश उझबेकिस्तान. अफगाणिस्तानच्या उत्तरेला लागून असलेला. ताश्कंद, समरकंद, बुखारा ही नावं शाळेच्या पुस्तकात वाचलेली असतात. बाबर ज्या अंदिजानमधून आला, ते अंदिजान आजही तिथल्या कापूस पट्ट्यातलंच शहर आहे.

या देशातली सरकी गेल्या पस्तीस वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. पीक बुडालं म्हणून आली नाही. काही सरकारनं ठरवून कमी केली, काही पाण्यानं कमी केली. आणि जी उरली, ती कोणाच्या हातात जाते हा तिथला आजचा खरा वाद आहे.

आकडे काय सांगतात

सोव्हिएत राज्याच्या शेवटच्या काळात, म्हणजे १९८० च्या दशकात, उझबेकिस्तानात सुमारे २० लाख हेक्टरवर कापूस होता. वर्षाला ५० लाख टनांच्या वर कापूस (रुई-सरकीसकट) निघत होता. त्या हिशेबानं सरकी २५ लाख टनांच्या पुढं जाते.

१९९१ ला देश स्वतंत्र झाला. मॉस्कोहून येणारा गहू बंद झाला, तेव्हा पहिली कुऱ्हाड कापसाच्या क्षेत्रावर पडली. पोटाला भाकर लागते, रुई खाता येत नाही. सरकारनं लाखो हेक्टर कापूस मोडून गहू पेरायला लावला. कापसाचं क्षेत्र १५ लाख हेक्टरच्या आत आलं. पुढं २०१७ नंतर दुसरी कपात झाली. ज्या जमिनी खारवटल्या, जिथं पाणी पोचत नाही, जिथं कापूस परवडत नाही, तिथून तो काढा आणि भाजीपाला, फळबागा लावा, असं धोरण आलं. आता क्षेत्र १० लाख हेक्टरच्या आसपास आहे. म्हणजे जुन्या काळाच्या निम्मं.

कापूस मात्र सरकारी आकड्यांप्रमाणे ३० लाख टनांच्या वर निघतो. त्यातली सरकी धरली तर १६-१७ लाख टन होते. बाहेरचे व्यापारी अंदाज याहून बरेच कमी आहेत, ते बारा लाख टनांच्या आसपास फिरतात. कोणाचंही खरं धरलं तरी सोव्हिएत काळाच्या मानानं घट मोठी आहे.

आता दुसरी बाजू. १९९१ ला लोकसंख्या होती दोन कोटींच्या थोडी वर. आज ती पावणेचार कोटींकडं गेली आहे. सरकी निम्मी, खाणारी तोंडं जवळपास दुप्पट. एवढ्या एका वाक्यात तिथल्या किचनपासून गोठ्यापर्यंतची सगळी ओढाताण आली.

महाराष्ट्राशी तुलना करायचीच तर

आपल्या राज्यात कापूस ४० लाख हेक्टरच्या आसपास असतो. म्हणजे उझबेकिस्तानच्या चौपट. पण रुईचं उत्पादन चौपट नाही, फार तर दुपटीच्या आगंमागं. कारण साधं आहे. तिथला जवळजवळ सगळा कापूस ओलिताचा आहे. पाऊस नावालाच पडतो, उन्हाळा कडक आणि कोरडा, पाणी कालव्याचं. हेक्टरी २५ ते ३० क्विंटल कापूस हा तिथं सरासरीचा आकडा आहे. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्यानं हा आकडा वाचून जीव जाळून घेऊ नये. त्या पाण्याची किंमत काय मोजली गेली, ते पुढं येतंच.

कागदावरचा कापूस

उझबेक आकड्यांवर लोक चटकन विश्वास ठेवत नाहीत, त्याला इतिहास आहे. शराफ रशिदोव हे १९५९ पासून १९८३ पर्यंत, मरेपर्यंत, तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख होते. मॉस्कोला दरवर्षी जास्त कापूस हवा असायचा आणि ताश्कंदहून दरवर्षी ‘हो’ असं उत्तर जायचं. आकडा ६० लाख टनांवर न्यायचा वायदा झाला. शेतात तेवढा कापूस नव्हताच. मग तो कागदावर पिकायला लागला. सामूहिक शेतीच्या अध्यक्षापासून जिनिंगच्या व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांनी पावत्या फुगवल्या, नसलेल्या मालाचे पैसे उचलले, वरपर्यंत वाटे पोचवले. रशिदोव गेल्यावर चौकशी लागली आणि ‘कापूस घोटाळा’ म्हणून ते प्रकरण सगळ्या सोव्हिएत संघात गाजलं.

यात एक गंमत आहे. रुई कागदावर दाखवता येते, ती रेल्वेत भरून दूर जाते, तिथं कोणीतरी लाच घेऊन पोच देतो. सरकी मात्र जवळच्या तेलगिरणीत यायला पाहिजे, तिचं तेल निघालं पाहिजे, ढेप गोठ्यात पोचली पाहिजे. गावातल्या बाईला तेल मिळालं नाही तर कागदावरचा आकडा तिच्या काय कामाचा?

पाणी आलं कुठून

दोन नद्या: अमू दर्या आणि सिर दर्या. दोन्ही अरल समुद्राला जाऊन मिळायच्या. हा समुद्र १९६० पर्यंत जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं सरोवर होता, ६८ हजार चौरस किलोमीटरचा. म्हणजे अख्ख्या मराठवाड्याहून मोठा. नद्यांचं पाणी कालव्यांनी कापसाकडं वळवलं आणि समुद्र आटत गेला. पुढच्या पन्नास वर्षांत त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरला. मोयनाक नावाचं मासेमारीचं बंदर होतं, तिथल्या बोटी आज वाळूत उभ्या आहेत. पाणी शंभर किलोमीटरहून लांब गेलं. उघड्या पडलेल्या तळातलं मीठ आणि जुनी कीटकनाशकं वाऱ्यानं उडून काराकल्पाकस्तानच्या गावांवर पडतात. आजारपणं त्याच भागात जास्त.

उरलेल्या जमिनीची तऱ्हाही सरळ नाही. ओलिताखालच्या जमिनीतली साधारण निम्मी कमी-जास्त खारवट आहे. म्हणून पेरणीच्या आधी, हिवाळ्यात, शेतात पाणी सोडून मीठ खाली धुवून काढावं लागतं. म्हणजे पीक उभं राहायच्या आधीच एक मोठं ओलित खर्ची पडतं. देशाच्या एकूण पाण्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास शेतीलाच जातं. २०१९ पासून ठिबकसाठी हेक्टरी अनुदान सुरू झालं आणि क्षेत्र झपाट्यानं वाढलं. क्षेत्र निम्म्यावर येऊनही कापूस त्याच प्रमाणात पडला नाही, त्यात याचा हात आहे.

तेल, ढेप आणि पऱ्हाटी

उझबेक भाषेत कापूस म्हणजे ‘पाख्ता’, सरकी म्हणजे ‘चिगित’, ढेपेला म्हणतात ‘कुंजारा’. तिथल्या पुलावाला, त्यांच्या भाषेत ‘पलोव’ला, जुनी माणसं अजून सरकीचंच तेल मागतात. कढईत तेल धूर निघेपर्यंत तापवायचं, कडू वास गेला की मग कांदा-मटण टाकायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. कच्च्या सरकी तेलात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, त्यामुळं ते शुद्ध करूनच विकतात. पण तापवायची सवय सुटलेली नाही.

सरकीत तेल साधारण सोळा ते अठरा टक्के निघतं. बियाण्याला ठेवायची सरकी वजा केली तर आज देशात दोन लाख टनांच्या आसपास सरकी तेल होतं. डोई वाटलं तर वर्षाला पाच-सहा किलो. एवढ्यावर पुलाव खाणाऱ्या देशाचं भागत नाही. मग रशिया आणि कझाकस्तानातून सूर्यफूल तेल येतं. जो देश एके काळी शेजारच्या प्रजासत्ताकांना सरकी तेल पाठवायचा, तो आज बाटलीबंद सूर्यफुलावर आहे. सरकारनं २०१७ पासून सोयाबीन लावायचा कार्यक्रमही घेतला, सूर्यफूल-करडई वाढवायचे प्रयत्न चालू आहेत. तेलाच्या बाबतीत आपण तरी कुठं वेगळे आहोत? आपलंही निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरूनच येतं.

तेलाला पर्याय मिळतो, पैसे टाकले की झालं. ढेपेचं तसं नाही. उझबेकिस्तानातली नव्वद टक्क्यांहून जास्त जनावरं मोठ्या फार्मवर नाहीत, ती घरामागच्या अंगणात आहेत. दोन गाई, एखादं वासरू, चार-सहा मेंढ्या. या लोकांकडं स्वतःची शेती म्हणजे घराभोवतीचे काही गुंठे. चारा पिकवायला जागा नाही, कुरणं सुकलेली. त्यांची मदार कुंजाऱ्यावर आणि सरकीच्या टरफलावर. जुन्या व्यवस्थेत कापूस घालणाऱ्या शेतकऱ्याला सवलतीच्या दरात थोडं तेल, थोडी ढेप परत मिळायची. ते फार नव्हतं, वेळेवरही नसायचं, पण घरापर्यंत यायचं.

आणि पऱ्हाटी. तिथं तिला ‘गुझापाया’ म्हणतात. थंडी शून्याच्या खाली जाते, गॅसचा दाब हिवाळ्यात गावात टिकत नाही, तेव्हा तंदूर पेटतो पऱ्हाटीवरच. कापसाचं क्षेत्र जिथून उठलं, तिथं सरपणही उठलं. ही बाब कुठल्याच सरकारी तक्त्यात येत नाही.

सक्तीची वेचणी बंद झाली

उझबेक कापसाचं नाव जगात बदनाम झालं ते वेचणीमुळं. सप्टेंबर आला की शाळा-कॉलेजं बंद, मुलं शेतात. मास्तर, डॉक्टर, नर्स, कारकून सगळ्यांना ठरलेल्या किलोंची सक्ती. नाही गेलं तर नोकरीवर गदा, नाहीतर पैसे भरून बदली माणूस द्यायचा. जगभरातल्या ३०० हून जास्त कपडे कंपन्यांनी उझबेक कापूस वापरणार नाही असं लिहून दिलं होतं.

इस्लाम करिमोव २०१६ मध्ये वारले आणि शावकत मिर्झियोयेव राष्ट्राध्यक्ष झाले, तिथून चित्र पालटायला लागलं. आधी लहान मुलं शेतातून काढली होतीच, मग शिक्षक-डॉक्टर काढले, वेचणीची मजुरी वाढवली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२१ च्या हंगामाची पाहणी करून सांगितलं की पद्धतशीर सक्ती आणि बालमजुरी संपली आहे. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला. वीस लाखांच्या आसपास माणसं एका हंगामात वेचणीला लागतात, त्या मानानं हा बदल लहान नाही. या सरकारच्या बाकी कारभाराबद्दल काहीही मत असो, हे श्रेय त्याला द्यावं लागतं.

क्लस्टर आले, गिऱ्हाईक एकच राहिलं

मार्च २०२० मध्ये आणखी एक मोठा निर्णय झाला. कापसाचा सरकारी कोटा आणि सरकारी भाव दोन्ही रद्द. तोपर्यंत किती पिकवायचं, कोणाला द्यायचं, काय भावानं द्यायचं, सगळं सरकार ठरवायचं. आपल्याकडं १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, तेव्हा दुसऱ्या राज्यात कापूस नेला तर नाक्यावर पकडायचे, ते म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. तिथली व्यवस्था त्याच्या कितीतरी पट कडक होती, कारण जमीनच सरकारची. शेतकरी फक्त भाडेपट्ट्यावर. कोटा भरला नाही तर जमीन जायची.

कोटा गेला, पण त्याच्या जागी आले ‘क्लस्टर’. क्लस्टर म्हणजे एक खासगी कंपनी. तिला एखादा ‘तुमान’, म्हणजे आपल्या तालुक्यासारखा भाग, नेमून दिलेला. ती शेतकऱ्याला बियाणं, खत, डिझेल, उचल देते. कापूस तीच घेते. जिनिंग तिचं, सूतगिरणी तिची, बऱ्याच ठिकाणी तेलगिरणी आणि जनावरांचा फार्मही तिचाच. कच्ची रुई बाहेर विकणं देशानं जवळपास बंद केलं. आता सूत आणि कापड निर्यात होतं, रशिया, चीन, तुर्कस्तानला. १९९० च्या दशकात रुई निर्यातीत अमेरिकेच्या पाठोपाठ दुसरा असलेला देश आज रुईच्या बाजारातून दिसेनासा झाला.

रोजगार वाढला, सूतगिरण्या वाढल्या, देशाला जास्त पैसा मिळाला. हे सगळं खरं. पण शेतकऱ्याच्या दारात उभा राहून पाहिलं तर काय बदललं? आधी एकच गिऱ्हाईक होतं, सरकार. आता एकच गिऱ्हाईक आहे, कंपनी. शेजारच्या तालुक्यातला क्लस्टर दोन पैसे जास्त देत असला तरी तिकडं माल नेणं सोपं नाही. उचल घेतलेली असते, करार झालेला असतो, आणि जमीन पट्ट्याची असल्यामुळं स्थानिक हाकिमाला, म्हणजे तिथल्या तालुका-जिल्हा प्रशासकाला, नाराज करून चालत नाही.

जगात रुई २०२२ च्या मे महिन्यात पाउंडाला दीड डॉलरच्या वर गेली होती. त्याच वर्षी शेवटी ती ऐंशी-पंच्याऐंशी सेंटच्या घरात आली आणि पुढं आणखी उतरली. तेव्हा कर्जात असलेल्या काही क्लस्टरनी शेतकऱ्यांचे पैसे महिनोन्‌महिने अडकवल्याच्या तक्रारी झाल्या. खासगी कंपनी तोट्यात गेली की आधी कोणाचे पैसे थांबतात, हे आपल्याकडच्या ऊस उत्पादकांना विचारा.

सरकीचा मुद्दा इथंच येतो. शेतकरी कापूस विकतो, म्हणजे रुई आणि सरकी दोन्ही एकाच भावात देऊन मोकळा होतो. आपल्याकडं निदान सरकीचा वेगळा बाजार आहे. वायदे बाजारातही सरकी ढेपेचा सौदा अकोल्याच्या नावानं होतो, त्यामुळं व्यापाऱ्यानं कापसात काय भाव धरला याचा अंदाज शेतकऱ्याला बांधता येतो. तिथं क्लस्टरची सरकी त्याच्याच तेलगिरणीत जाते, ढेप त्याच्याच फार्मवर. सरकी बाजारात उतरतच नाही, तर तिचा भाव दिसणार कुठून? अंगणात दोन गाई असलेल्या बाईला कुंजारा घ्यायचा तर त्या कंपनीचा दर हाच दर. क्षेत्र घटल्यामुळं ढेप आधीच कमी, त्यात विकणारे हात मोजके.

बियाण्याची गोष्ट वेगळी

एका बाबतीत मात्र उझबेक शेतकरी आपल्यापेक्षा सुटसुटीत आहे. तिथं बीटी नाही आणि संकरित बियाण्याचं राज्यही नाही. बुखारा-६, नमनगान-७७, एस-६५२४ अशी सरळ वाणं वर्षानुवर्षं चालत आली. सरळ वाण म्हणजे जिनिंगमधून निघालेली चांगली सरकी पुढच्या वर्षी पेरता येते. म्हणून सरकीचा एक वाटा दरवर्षी बियाण्याला बाजूला काढतात. ताश्कंदच्या शास्त्रज्ञांनी, इब्रोखिम अब्दुरखमानोव यांच्या चमूनं, कपाशीतला एक जनुक दाबून ‘पोर्लोक’ नावाची वाणं तयार केली. हे अब्दुरखमानोव नंतर देशाचे कृषिमंत्री झाले. बोंडअळीसाठी तिथं ट्रायकोग्रामा आणि ब्रेकॉन हे मित्रकीटक वाढवणाऱ्या शेकडो प्रयोगशाळा गावोगाव आहेत, सोव्हिएत काळापासून. गुलाबी बोंडअळीनं हैराण झालेल्या आपल्या भागानं यातलं थोडं जरी उचललं तरी चालेल. अर्थात तिथली कडाक्याची थंडी किडीचं अर्धं काम आपोआप करते, ती आपल्याकडं आणता येत नाही.

अलीकडं क्लस्टर बाहेरचं बियाणं, विशेषतः चिनी वाणं, आणायला लागले आहेत. उतारा जास्त मिळतो म्हणून. पण ज्या कंपनीला कापूस द्यायचा तिच्याकडूनच बियाणं घ्यायचं, म्हणजे शेतकऱ्याच्या हातातली ही मोकळीकही हळूहळू कमी होणार.

पुढं काय दिसतं

सरकी पुन्हा २५ लाख टनांवर जाणार नाही, हे नक्की. तेवढं क्षेत्र द्यायला सरकार तयार नाही आणि तेवढं पाणी नाही. उतारा वाढवून आहे तेवढी टिकवायची, एवढाच मार्ग आहे, आणि तोही पाण्यावरच येऊन थांबतो.

पाण्याची नवी अडचण दक्षिणेकडून येत आहे. अफगाणिस्तानात तालिबान सरकारनं २०२२ मध्ये कोश तेपा कालव्याचं काम हातात घेतलं. लांबी २८५ किलोमीटर, रुंदी शंभर मीटरच्या आसपास. पाणी उचलणार अमू दर्यातून. पहिला टप्पा २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत खोदून झाला. अफगाण शेतकऱ्यालाही पाणी पाहिजे, त्याचा हक्क नाकारता येत नाही. आणि सोव्हिएत काळात झालेल्या पाणीवाटपाच्या करारात अफगाणिस्तानला कोणी विचारलंच नव्हतं. पण तो कालवा पूर्ण भरून वाहायला लागला की बुखारा, खोरेझम आणि काराकल्पाकस्तान या खालच्या अंगाच्या भागांत पाणी कमी पोचणार. त्यातल्या खोरेझम-काराकल्पाकस्तानात जमीन आधीच सगळ्यात जास्त खारवट आहे, आणि ती धुवायला हिवाळ्यातलं ते पहिलं पाणी लागतंच.